गल्लीच्या पाककृती-पुस्तकासाठी पदार्थांचे फोटो: तर्री, भाकरी, कुंदा आणि मांडे

बेळगाव भागात एखाद्या महिला मंडळाने किंवा गावच्या वाचनालयाने घराघरांतल्या कृती गोळा करून पुस्तक काढायचं ठरवलं, की कृती लिहून होतात, मापं जुळतात आणि काम फोटोंपाशी येऊन अडतं. अशा पुस्तकाला हॉटेलच्या मेनूकार्डासारखे फोटो उपयोगाचे नाहीत. वाचणारी बाई फोटो समोर ठेवून आपल्या कढईतलं ताडून बघणार असते. रस्सा इतपतच दाट हवा का, दूध-साखर आटवून केलेल्या कुंद्याचा रंग इथवर आणायचा का, वड्या केवढ्या कापायच्या, हे तिला फोटोतून कळायला हवं. म्हणून फोटोतला पदार्थ पुस्तकात छापलेल्या कृतीने, त्याच मापाने केलेला आणि फोटोनंतर खाता येईल असा हवा. रंग घालून लाल केलेली आमटी किंवा तकाकीसाठी ग्लिसरीन लावलेली वांगी नकोतच. मिरचीचंही तसंच. कृतीत साधी तिखट मिरची लिहून फोटोपुरती ब्याडगी वापरली, तर रस्सा पानावर गडद लाल दिसेल आणि वाचणारीच्या घरी तसा होणार नाही. दोष मात्र ती स्वतःच्या हाताला देईल.

आधी यादी करा

शंभर कृतींना शंभर फोटो लागत नाहीत. तयार पदार्थांचे चाळीसेक आणि कृतीतल्या टप्प्यांचे वीसेक फोटो पुष्कळ होतात. जिथे शब्द कमी पडतात, तिथे फोटो ठेवा: पुरण शिजून कालथा उभा राहतो ती वेळ, खवा कडेने तूप सोडू लागतो ती वेळ, भरल्या वांग्याला चिरा किती खोल द्यायच्या ते. वरणाचा किंवा ताकाचा फोटो नसला तरी कुणाचं अडत नाही.

यादीत प्रत्येक पदार्थापुढे हंगाम लिहा. शेंगदाण्याची पोळी संक्रांतीला, हुरडा थंडीत, खानापूर भागातले ओले काजू आणि फणसाची भाजी उन्हाळ्यात, लाह्या नागपंचमीला. हंगाम चुकला की वर्षभर थांबावं लागतं. कुरकुरीत पदार्थ पावसाळ्यात घेऊ नका. खानापूर, बेळगाव पट्ट्यात आषाढात हवा इतकी दमट असते, की शेव, चकली, कडक भाकरी डब्याबाहेर पंधरा-वीस मिनिटांतच मान टाकते.

एका दिवसात सहा पदार्थ, फार तर आठ. त्यापुढे हात घाई करू लागतात आणि ते फोटोत दिसतं. क्रम असा लावा: आधी चटण्या, लाडू, वड्या, कारण त्यांना थांबता येतं. मग सुक्या भाज्या. रस्सा, भाकरी आणि तळण शेवटी, चुलीवरून थेट फोटोच्या जागी. प्रत्येक घरून फोटोपुरतं किती हवं तेही आधी सांगा. रस्सा दीड वाटी पुरतो, पण भाकऱ्या पाच-सहा तरी लागतात, कारण त्यातल्या दोन-तीन फोटोपर्यंत टिकत नाहीत.

उजेड

फोटोचं निम्मं काम जागा निवडण्यात होतं. जुन्या कौलारू घरांत स्वयंपाकघराला एकच लहान खिडकी असते आणि भिंती धुराने काळवंडलेल्या असतात. तिथे धडपडू नका. पडवी, नाहीतर उघड्या दाराच्या आत हात-दीड हात अंतरावरची जागा सगळ्यात चांगली. तिथे आकाशाचा उजेड एका बाजूने येतो आणि थेट ऊन लागत नाही.

दार किंवा खिडकी उत्तरेची असेल तर बहुतेक दिवस उजेड सारखा राहतो. मात्र बेळगाव सुमारे १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेकडून जातो. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं, ते याच कारणाने. डिसेंबरात उलट होतं. सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दुपारीही ५०-५१ अंशांवरच, आणि दक्षिणेच्या दारातून ऊन खोलीत लांबवर शिरतं. तसं ऊन आलं तर धुतलेलं पांढरं मलमलचं धोतर दुहेरी करून दारावर ताणून बांधा. सावल्यांच्या कडा लगेच मऊ होतात.

पदार्थ असा ठेवा, की उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने, किंचित मागून येईल. समोरून, म्हणजे तुमच्या पाठीमागून उजेड आला तर भाजी सपाट दिसते, शेंगदाण्याच्या कुटाचा कणही कळत नाही. उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी करा, दोन फूट बाय दीड फुटाची. ती जवळ-लांब करून सावली हवी तेवढी उजळवा. पांढरा भात, पेढे, तांदळाची भाकरी यांना उलट काळी शीट लावावी लागते, नाहीतर त्यांची कडच हरवते.

ट्यूब आणि बल्ब बंद करा. दिवसाचा उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की भाताच्या एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला पिवळट छटा येते, ती नंतर कशानेही निघत नाही. भिंतीही पाहा. हिरव्या ऑईलपेंटच्या भिंतीशेजारी ठेवलेली ज्वारीची भाकरी हिरवट दिसते, गुलाबी भिंतीशेजारी गुलाबी. भिंत झाकायला एक पांढरी चादर बरोबर ठेवा.

भांडी आणि खालचा कपडा

घरातलीच भांडी वापरा, पण लहान निवडा. अकरा इंची ताटात एका माणसाचं जेवण ओकंबोकं दिसतं, आठ इंची ताटली बरोबर भरते. वाटी पाऊण भरा. कड बोटभर मोकळी आणि स्वच्छ हवी. फडक्याने पुसली तर तेलाचा फराटा राहतो, म्हणून कानातल्या काडीला कोमट पाणी लावून पुसा.

स्टीलच्या वाटीत समोरचं सगळं दिसतं: खिडकी, मोबाइल धरलेला हात, अंगावरचा लाल टॉप. फोटो काढणाऱ्याने राखाडी किंवा फिके कपडे घालावेत. वाटीत ज्या दिशेचं प्रतिबिंब पडतं, त्या दिशेला पांढरी शीट धरली की डाग जाऊन साधी चकाकी उरते. पितळेचं ताट चिंचेने घासलं तर सुंदर दिसतं, पण आंबट पदार्थ त्यात ठेवायचा असेल तर ते कल्हईचं हवं. फोटोनंतर पदार्थ खायचा आहे. खानापूरची मातीची भांडी चकाकत नाहीत. त्यांच्या तांबूस रंगावर दही, भात, पांढरा रस्सा उठून दिसतो, तांबडा मात्र बुडून जातो.

खाली शहाबादी फरशी असली तर आणखी काही शोधू नका, तिच्यावर जवळजवळ सगळंच खुलतं. इरकल किंवा खण वापरायचा मोह होतो. त्याचा काठ कोपऱ्यात तीन-चार बोटं दिसू द्या, त्याहून जास्त नको. सबंध पुस्तकात हे दोन-तीन पानांवर आलं तर शोभतं, पानोपानी आलं तर पदार्थ मागे पडतात.

मांडणीत प्रदेशाचं भानही हवं. अथणी, गोकाककडच्या ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, दही आणि कांदा असतो. खानापूरच्या पश्चिमेला भात येतो. एका घरच्या आमटीशेजारी केवळ रंग जुळतो म्हणून दुसऱ्या भागातली भाकरी ठेवू नका. हे जेवण कशाबरोबर जेवतात, हे कृती देणारीला विचारा आणि तसंच वाढा.

रस्सा आणि तर्री

रश्श्याचा फोटो फसतो तो दोन कारणांनी: फोडी बुडतात आणि तर्री विरते. भाजी शिजल्यावर गॅस बंद करून पाच मिनिटं हलवू नका, तेल आपोआप वर येईल. वरची तर्री पळीने हलक्या हाताने वेगळ्या वाटीत काढा, तीन-चार चमचे मिळते. ती कोमटच ठेवा. गार झाली की तिचे सुटे ठिपके होतात आणि तकाकी जाते.

आता वाढायच्या वाटीच्या तळाशी उकडलेल्या बटाट्याची जाड चकती ठेवा. त्यावर फोडी रचा, चांगल्या दिसणाऱ्या दोन-तीन वर येतील अशा. मग कडेने रस्सा सोडा. फोडीवर ओतलात तर त्यांच्यावर मसाल्याचा थर बसतो आणि वांगं कुठलं, बटाटा कुठला कळत नाही. फोडींची टोकं अर्धा सेंटिमीटर वर दिसली पाहिजेत. सगळं जागेवर आल्यावर, कॅमेरा रोखलेला असताना, राखून ठेवलेली तर्री चमच्याच्या टोकाने एका बाजूने सोडा. कोथिंबीर त्यानंतर. ती आधी बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, झटकून, फडक्यावर कोरडी केलेली हवी. गरम तर्रीवर पान मिनिटभरात मरगळतं, म्हणून टाकल्या टाकल्या फोटो घ्या.

बटाट्याच्या चकतीला आमची हरकत नाही, कारण तिने पदार्थ बदलत नाही. वरून जास्तीचं तेल ओतायला मात्र हरकत आहे. कृतीत चार चमचे तेल लिहिलं असेल तर तर्री तेवढ्याचीच दिसली पाहिजे.

वाफ हवी असेल तर मागे गडद पडदा आणि मागून उजेड लागतो. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसतच नाही. थंडीतली सकाळ त्यासाठी सगळ्यात चांगली.

भाकरी, वांगी, चटण्या

भाकरी तव्यावरून उतरल्यावर पाचेक मिनिटांत फोटो झाला पाहिजे. त्यानंतर पापुद्रा बसतो आणि कडा चिरू लागतात. थांबावंच लागलं तर किंचित ओलसर सुती फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवा, पण चिंब फडकं नको, त्याने वरचं पीठ चिकट होतं. फोटोत एक भाकरी सबंध आणि एक मोडलेली ठेवा, म्हणजे पापुद्रा सुटल्याचं दिसतं. मोडायची ती हाताने. सुरीने कापलेली भाकरी परकी दिसते. वर लोणी ठेवायचं तर त्याचा लिंबाएवढा गोळा बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि शेवटी बसवा. कडेने थोडं वितळू लागलेलं, मधे गोळा शाबूत, हे साधायला अर्धा मिनिट मिळतो.

भरली वांगी, म्हणजे एण्णेगाई, पुरती शिजली की आक्रसतात आणि काळपट पडतात. फोटोसाठी दोन-तीन वांगी तीन-चार मिनिटं आधी काढून झाकून ठेवा. देठं हिरवी राहू द्या. एका वांग्याची चीर कॅमेऱ्याकडे करून आतलं सारण दिसू द्या.

कोरड्या चटण्या ताटात पसरल्या की मातीसारख्या दिसतात. वाटीत सैल भरून ढीग करा, चमच्याने एका बाजूला खळगा पाडा, उजेड अगदी आडवा घ्या. शेंगदाणा, कारळं, जवस अशा तीन चटण्या शेजारी ठेवल्या तर रंग आपोआप बोलतात. तेलाचा थेंब फक्त एकीवर.

कुंदा, करदंट, मांडे

कुंदा चवीला अप्रतिम आणि फोटोला अवघड. तपकिरी, तुपकट, नीटसा आकार नाही. तपकिरी लाकडावर किंवा पितळेवर ठेवला तर संपलाच. पांढरी चिनी मातीची बशी नाहीतर हिरवं केळीचं पान घ्या. चमच्याने दाबून गुळगुळीत करू नका, त्याची रवाळ जात दिसली पाहिजे. डावाने एक मोठा घास उचलून तसाच बशीत सोडा, मग काट्याने एका बाजूचा तुकडा उकला. उकललेली बाजू उजेडाकडे हवी. फार गार कुंद्यावर तुपाचा पांढरट थर येतो, फार गरम असला तर पसरतो. कोमट कुंदा दाणेदार राहतो आणि अंगचं तूप चमकतं. मोबाइल असा गडद पदार्थ पाहून स्वतःच फोटो जास्त उजळ करतो आणि कुंदा पिठल्यासारखा पिवळा दिसू लागतो. उजेडाची पट्टी खाली ओढून डोळ्याला दिसतो तोच रंग आणा, कारण वाचणारीला दूध-साखर किती आटवायची ते त्याच रंगावरून कळणार आहे.

गोकाकच्या करदंटाची, म्हणजे गूळ आणि काजू-बदामाच्या वडीची, खरी ओळख कापलेल्या कडेत आहे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दमात दाबून कापा. मागे-पुढे करवतलं तर काजू-बदामाचे तुकडे निघून येतात आणि गुळाचा राप वरून पसरतो. कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे, उजेड मागून.

मांड्याला दोन फोटो द्याच, एक हातावरचा आणि एक घडीचा. हातावरचा फोटो म्हणजे कणकेची चादर दोन्ही हातांवर फिरत पातळ होत जाते तो क्षण. करणारी बाई दार आणि तुमच्या मधे उभी राहील असं बघा. उजेड चादरीतून आरपार आला की ती किती पातळ असते हे सांगायला एक शब्दही लागत नाही. हात वेगाने फिरतात, म्हणून शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो ती वेळ, १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. मोबाइल असेल तर बटण दाबून धरा आणि सलग वीस-पंचवीस फोटो काढून त्यातला एक निवडा. तिला मधेच थांबायला सांगू नका, चादर लोंबून फाटते. दुसरा फोटो घडी घातलेल्या मांड्याचा, अगदी खालच्या कोनातून, म्हणजे घडीचे पदर एकावर एक दिसतात. एका कोपऱ्याचा तुकडा मोडून ठेवा, आतली पिठीसाखर आणि खसखस दिसेल. दमट हवेत मांडा मऊ पडतो, म्हणून हा फोटो थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सकाळी घ्या.

मोबाइल आणि कॅमेरा

आताच्या बऱ्याच मोबाइलचा फोटो पुस्तकाला चालतो. आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर तेलाची वाफ बसते आणि सगळं धुरकट येतं. जवळ जाऊन १ एक्सने, म्हणजे झूम न करता, काढू नका, वाट्या कडेला लांबट होतात. दोन-अडीच फूट मागे येऊन २ एक्स वापरा. चौकटीच्या रेषा चालू ठेवा, फ्लॅश आणि सगळे फिल्टर बंद. पोर्ट्रेट मोड टाळा. तो वाटीची कड आणि कोथिंबिरीचं पान यांतलं काहीतरी चुकीचं पुसतो आणि छापल्यावर ते ठळक दिसतं. पदार्थाच्या पुढच्या कडेवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथे पक्के होतील.

ताट, भाकरी-भाजी बरोबर वरून. खोल वाटीतलं ४५ अंशांतून. पोळ्यांची चवड, लाडू, वड्या जवळजवळ समोरून. वरून काढताना मोबाइल जरा जरी कलला तरी ताट अंडाकृती होतं, म्हणून ट्रायपॉड हवाच.

कॅमेरा असेल तर एफ (लेन्सचं तोंड किती उघडतं तो आकडा, मोठा असला की जास्त भाग स्पष्ट येतो) ५.६ ते ८, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) ४००च्या आत, ट्रायपॉडवर. शटर कितीही मंद झालं तरी पदार्थ हलत नाही. एफ १.८ने एकच शेंगदाणा स्पष्ट आणि बाकी वाटी पुसट येते. दर नव्या जागी पहिला फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदाचा काढा, नंतर रंग जुळवायला तोच आधार.

खरा पदार्थ आणण्याआधी रिकाम्या भांड्यांवर, नाहीतर बटाट्यांवर मांडणी आणि उजेड पक्का करा. पदार्थ आला की फक्त काढायचं काम उरावं.

छापखान्याकडे देताना

छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, धरतात. १२ मेगापिक्सलचा, ४००० बाय ३००० पिक्सलचा फोटो सुमारे १३ बाय १० इंच छापता येतो, म्हणजे पानभर फोटोला काटछाट करूनही पुरतो. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन जातो. पेन ड्राइव्हवर द्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना कृतीचा क्रमांक आधी लिहा. पान कापताना कड जाते, म्हणून पानभर फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा ठेवा आणि मुख्य पदार्थ बांधणीच्या कडेपासून लांब ठेवा.

छपाई सीएमवायके रंगांत, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शायांत होते. पडद्यावरचा लालभडक रस्सा आणि हिरवीगार चटणी कागदावर मंद होतात, म्हणून मोबाइलमध्ये रंग वाढवून ठेवू नका. लाल जास्त चढवलं की रश्श्यातले बारकावे आधीच नाहीसे झालेले असतात. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा, बिनचकाकीचा कागद शाई शोषतो आणि फोटो आणखी काळवंडतात, त्यासाठी फोटो थोडे उजळून द्या. गुळगुळीत आर्ट पेपरवर तितकं करावं लागत नाही.

पदार्थाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिपींत फोटोखाली द्या. एकच जिन्नस एका गल्लीत शेंगदाण्याची पोळी असतो आणि पलीकडे शेंगा होळगी. कन्नड नावं कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

सगळं पुस्तक छापायला देण्याआधी एकच नमुना-पान मागा आणि त्यावर चार अवघड फोटो घाला: कुंदा, तांबडा रस्सा, हिरवी चटणी आणि पांढरा भात. ते पान ट्यूबखाली बघू नका, दिवसाच्या उजेडात दारात घेऊन बसा आणि ज्या घरच्या कृती आहेत त्या बायकांना दाखवा. रस्सा काळपट आलाय, कुंदा अजून थोडा आटायला हवा होता, हे त्या बरोबर सांगतील. त्यांचं म्हणणं पेन्सिलीने त्याच पानावर फोटोशेजारी लिहा आणि ते पान छापखान्यात परत द्या.